बडोद्यात रोज चालणारी स्विफ्ट २५ मिमी खाली घ्यायची आहे: नुसत्या स्प्रिंगा, स्प्रिंगा आणि शॉकअप, की कॉइलओव्हर?

मांजलपूर_स्विफ्ट

नमस्कार मंडळी. गाडी २०१९ ची स्विफ्ट पेट्रोल, व्हीएक्सआय. ५८,००० किमी झालेत, शॉकअप आणि स्प्रिंगा कंपनीच्याच, टायर १६५/८० आर१४. सीएनजी नाही. रोज मांजलपूर ते मकरपुरा जीआयडीसी, बहुतेक एकटाच. रविवारी घरचे चौघं, आणि महिन्यातून दोनदा एक्सप्रेसवेने अहमदाबाद.

दोन गोष्टी हव्यात. वेगात लेन बदलताना गाडी एका अंगावर कलते ते कमी व्हावं, आणि टायर-फेंडरमधली मोठी फट थोडी भरावी. २५ मिमी खाली घ्यावी असं मनात आहे. एका गॅरेजमध्ये ‘स्प्रिंगचा एक वेढा कापून देतो, अर्ध्या दिवसाचं काम’ असं सांगितलं. दुसरा पर्याय तयार लोअरिंग स्प्रिंगा आणून जुन्याच शॉकअपवर बसवण्याचा, तिसरा कॉइलओव्हरचा (स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र सेट, आट्यांवर फिरवून उंची बदलता येणारा). गाडी रोज लागते, त्यामुळे सोसायटीच्या बम्पवर अडकून चालणार नाही. काय घ्यावं आणि का, ते जरा खोलात सांगाल का?

बुशबेअरिंग

कापण्यापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोन पर्यायांचं उत्तरही त्याच हिशेबातून निघतं.

गोल आकडे धरू. तुमच्या गाडीचे नेमके आकडे थोडे इकडेतिकडे असतील, पण गणित हेच. पुढच्या एका स्प्रिंगवर २४० किलो, म्हणजे २३५० न्यूटन भार. स्प्रिंग २२ न्यूटन प्रति मिमीची, तेव्हा गाडी उभी असताना ती १०७ मिमी दबलेली. तिथून चाकाला वर जायला ८० मिमी आणि खाली लोंबायला ८० मिमी. जॅकवर चाक पूर्ण लोंबलं तरी स्प्रिंग २७ मिमी दबलेली राहते, म्हणून ती बैठकीत घट्ट असते. हे २७ मिमी लक्षात ठेवा.

आता प्रत्यक्ष दबणाऱ्या साडेपाच वेढ्यांपैकी एक कापला. कडकपणा वेढ्यांच्या उलट प्रमाणात बदलतो, त्यामुळे २२ चे जवळपास २७ झाले. वेढ्यांमधलं अंतर ५५ मिमी असेल तर गाडी ३५ मिमीने खाली येते (तुम्हाला २५ हवे होते, ते तर गेलेच). नवी स्प्रिंग त्याच भाराखाली ८७ मिमी दबते, पण चाकाला लोंबायला आता ११५ मिमी जागा आहे. म्हणजे चाक लोंबलं की स्प्रिंग २८ मिमी सैल. पुढे ती स्ट्रटवर (पुढच्या शॉकअपवर) अडकलेली असल्याने फिरते, ठोके देते, टोक बैठकीच्या खाचेतून सुटतं. मागे जास्त धोका आहे: स्विफ्टच्या मागच्या स्प्रिंगा शॉकअपपासून वेगळ्या, बीम (मागची दोन चाकं जोडणारा आडवा दांडा) आणि बॉडीच्या मध्ये नुसत्या बसवलेल्या असतात. खड्ड्यावरून चाक उडालं त्या क्षणी सैल स्प्रिंग जागा सोडू शकते. त्यात गॅस कटरने कापली असेल तर टोकाजवळ पोलादाचं पाणी उतरतं आणि काही महिन्यांनी तिथेच तुटते. हा पर्याय सोडा.

तयार लोअरिंग स्प्रिंगेतही हीच अडचण दडलेली असते, फक्त चांगला उत्पादक तिची सोय करतो. समजा स्प्रिंग २५ टक्के कडक, २७.५ ची. ती ८६ मिमीच दबेल, म्हणजे मूळ लांबीची ठेवली तर गाडी उलट २१ मिमी वर जाईल. २५ ने खाली आणायची तर स्प्रिंग ४६ मिमी आखूड लागते. लोंबायची जागा १०५, दबलेली ८६: पुन्हा १९ मिमी सैल. म्हणून चांगल्या स्प्रिंगेत एका टोकाला दोन-तीन जवळजवळचे मऊ वेढे असतात. गाडी उभी असताना ते एकमेकांना चिकटलेले असतात, चाक लोंबलं की उघडतात आणि सैलपणा भरून काढतात. दुसरा उपाय म्हणजे कमी लांबणारा, आखूड शॉकअप. बिलस्टाईन कंपनीच्या शॉकअपमध्ये बी६ मूळ उंचीसाठी आणि बी८ खाली घेतलेल्या गाडीसाठी असतो, तो याचसाठी. विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: गाडी जॅकवर असताना ही स्प्रिंग बैठकीत दाबून राहते का? उत्तर गोलमोल आलं तर पुढे जाऊ नका.

जुन्या शॉकअपचं म्हणाल तर स्प्रिंग २५ टक्के कडक झाली की तिला आवरायला डॅम्पिंग (झोका शांत करायची शॉकअपची ताकद) १२ टक्के जास्त लागतं (वर्गमूळाचा हिशेब). ५८,००० किमी चाललेल्या शॉकअपमध्ये मुळातलंच पूर्ण उरलेलं नसतं. मग बम्पनंतर गाडी दोन-तीनदा डोलते, आणि लोक म्हणतात स्प्रिंग वाईट. स्प्रिंगा आणि शॉकअप एकत्रच बदला. उघडझाप एकदाच, मजुरीही एकदाच.

आणखी एक सावधगिरी. युरोप-जपानची स्विफ्ट मुळातच आपल्या गाडीपेक्षा खाली बसते. तिथल्या डब्यावर लिहिलेलं ‘३० मिमी’ हे तिथल्या उंचीपासून मोजलेलं असतं. आपल्या गाडीत ते ३० राहत नाही, वाढतं.

चार_रस्ता

वरचं सगळं बरोबर, पण स्प्रिंग निवडण्याआधी टेप हातात घ्या.

तुमच्या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिमी. २५ गेले की १३८. मागे दोघं आणि सामान आलं की ११० च्या आसपास धरा. आता आपल्याकडचे बम्प. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) नियमातला गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद, १७ मीटर त्रिज्येचा असतो. स्विफ्टचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २४५० मिमी, त्यामुळे अशा लांबट उंचवट्यावर दोन चाकांच्या मध्ये जमीन जेमतेम ४४ मिमी वर येते. गाडी आरामात जाते. त्रास देतो तो सोसायटीने स्वतः घातलेला, दीड फूट रुंद आणि पाच-सहा इंच उंच काँक्रीटचा बम्प. तो आख्खाच्या आख्खा चाकांच्या मध्ये मावतो, म्हणून त्याची पूर्ण उंची पोटाखालून जावी लागते. रोजच्या वाटेवरचे असे बम्प मोजा. सरळ फळी बम्पवर आडवी धरून टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर घेतलं की झालं. १२५ मिमीचा एक जरी बम्प असेल तर १३८ वर चार माणसं घेऊन तो पार होणार नाही.

दुसरी मोजायची जागा बेसमेंट पार्किंगचा रॅम्प. वरच्या तोंडाशी जिथे उतार एकदम सुरू होतो तिथे पोट टेकतं. १६३ ला गाडीला सुमारे १५ अंशांचा कोन पेलतो, १३८ ला १३, ११० ला १० च. एकास आठ उताराचा रॅम्प ७ अंशांचा असतो, त्याची चिंता नाही. एकास पाच असेल तर ११ अंश झाले, आणि रविवारी चौघं बसलेले असताना तिथे आवाज येणार. मोबाईलमधलं लेव्हल वापरून कोन बघता येतो.

पावसाळ्यात अलकापुरीचं गरनाळं किंवा विश्वामित्रीकाठचे रस्ते तुंबले की त्या २५ मिमीची किंमत आणखी वाढते. हवा ओढणारं तोंडही तेवढंच खाली आलेलं असतं.

मग शॉकअपचा प्रवास, म्हणजे दबायला उरलेली जागा, मोजा. पुढच्या स्ट्रटचं डस्ट कव्हर वर सरकवा, चकचकीत रॉडला एक पातळ प्लॅस्टिकचा केबल टाय घट्ट बांधा आणि खाली सीलला टेकवून ठेवा. गाडी सपाट जागी उभी असताना सीलपासून बम्प स्टॉपरपर्यंतचं (शॉकअप पूर्ण दबण्याआधी अडवणारा वरचा ठोकळा) अंतर लिहून घ्या. मग नेहमीच्या रस्त्याने नेहमीच्या वेगाने चालवा. परत आल्यावर टाय कुठवर सरकलाय त्यावरून कळतं की रोज किती प्रवास वापरला जातो आणि स्टॉपरला टेकायला किती उरतो. एकदा एकट्याने, एकदा चौघं बसवून. खाली किती घ्यायची हे या आकड्यावर ठरवा. आतापर्यंतचं तुमचं २५ हे डोळ्यांनी ठरवलेलं आहे.

मांजलपूर_स्विफ्ट

धन्यवाद. मोजून आलो. सील ते स्टॉपर ४४ मिमी. एकट्याने मकरपुऱ्याला जाऊन आल्यावर टाय ३० मिमी सरकला, म्हणजे १४ उरले. चौघांना घेऊन गेल्यावर टाय थेट स्टॉपरला टेकलेला. रॅम्पचा कोन ९ अंश. वाटेतला सगळ्यात उंच बम्प ११५ मिमी. आता २५ चा आग्रह नाही. मग किती, आणि कॉइलओव्हर घेतल्याने काही सुटतं का?

बुशबेअरिंग

फार उपयोगी आकडे आणलेत.

२५ टक्के कडक स्प्रिंगेवर रोजचे ३० मिमी साधारण २६ होतील. २५ ने खाली घेतलीत तर स्टॉपरपर्यंत १९ उरतात. म्हणजे एकटे असतानाही गाडी रोज स्टॉपरवर आपटणार. १५ ने घेतलीत तर २९ उरतात आणि रोजचं काम स्टॉपरला न लागता होतं. चौघं असताना तो आजही टेकतोय, पुढेही टेकेल. थोडं टेकणं वाईट नाही, चांगला स्टॉपर हळूहळू कडक होत जातो. पण वळणात बाहेरचं पुढचं चाक एकदम स्टॉपरवर गेलं की गाडीच्या पुढच्या टोकाचा कडकपणा एका क्षणात कितीतरी वाढतो आणि गाडी स्टिअरिंग न ऐकता सरळ जाऊ लागते. तुम्हाला लेन बदलतानाचा तोल हवाय, तेव्हा हेच टाळायचं आहे.

म्हणून माझं मत: पुढे १५, मागे १० ते १५, याहून जास्त नको. ११५ च्या बम्पचं गणितही त्यातच बसतं. १४८ मधून चार माणसांचं दबणं वजा केलं की १२० उरतात, हळू घेतलं तर निघेल. १५ मिमी ऐकायला कमी वाटतात, पण नव्या शॉकअपसकट एवढ्यानेच गाडीचं वागणं पुष्कळ बदलतं, कारण कलणं कमी होतं ते मुख्यतः कडकपणाने, उंचीने नाही. उलट स्विफ्टसारख्या मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत उंची फार कमी केली तर लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणारा दांडा) कोन बिघडून रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गाडीच्या वजनाच्या मध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातं आणि गाडी अधिक कलायला बघते. तपासायची सोपी खूण: गाडी चाकांवर उभी असताना लोअर आर्मचा बाहेरचा बॉल जॉईंट आतल्या बुशच्या बोल्टपेक्षा खाली किंवा फार तर समपातळीत असावा. वर गेला की हद्द ओलांडली.

कॉइलओव्हरने १५ नेमके मिळवता येतात, हा त्याचा खरा फायदा. पण घेताना खालचा ब्रॅकेटही आट्यांवर फिरणारा असावा. तसा असेल तर उंची ब्रॅकेटने बदलते आणि प्रवास तेवढाच राहतो. नुसती स्प्रिंगची खालची प्लेट फिरवून उंची कमी होत असेल तर वर जायचा प्रवास कमी होतो आणि लोंबताना स्प्रिंग सैल पडते, तुम्ही जे टाळत होतात तेच. शिवाय पुष्कळ सेटच्या स्प्रिंगा मूळच्या दुप्पट कडक असतात. रोजच्या गाडीला मूळच्या दीडपटीवर जाऊ नका. आपल्या २४० किलोच्या हिशेबात २२ ची स्प्रिंग सेकंदाला १.५ वेळा झोका घेते, २७.५ ची १.७ आणि ३३ ची १.९. मागच्या सीटवर घरचे बसणार असतील तर १.७ च्या पुढे ते तक्रार करणार.

वर रबराऐवजी गोळ्याचं माउंट असलेला सेटही नको. धुळीत ते लवकर खडखडू लागतं. आटे चिखलाने जाम होतात, म्हणून दर पावसाळ्यानंतर धुऊन, ब्रश मारून, थोडं ग्रीस लावावं लागतं. एवढं करायची तयारी नसेल तर स्प्रिंगा आणि शॉकअप घ्या.

हव्या त्या उंचीची स्प्रिंग तयार मिळत नसेल तर चांगल्या कारखान्यातून वळवून घेता येते. तारेची जाडी चौथ्या घातात लागते, म्हणून ११ ची तार ११.६ केली की कडकपणा २४ टक्के वाढतो. अट एकच: वळल्यानंतर शॉट पीनिंग (पृष्ठभागावर बारीक छर्रे मारून पक्कं करणं) केलेलं असावं आणि स्प्रिंग कारखान्यातच पूर्ण दाबून तिचं सुरुवातीचं खाली बसणं काढून टाकलेलं असावं. नाही तर महिन्याभरात ती स्वतःच आणखी खाली बसते.

टोइन_टोआऊट

बसवण्याबद्दल लिहितो. पार्ट चांगले आणून बसवताना वाया घालवणं खूप होतं.

सोबत काय मागवायचं: दोन्ही स्ट्रट माउंट बेअरिंगसह, चार बम्प स्टॉपर, डस्ट कव्हर, पुढच्या दोन लिंक रॉड, स्ट्रटच्या वरचे नवे नट आणि खालचे नकल (ज्यावर चाकाचा हब बसतो तो भाग) बोल्ट. स्टॉपर कापायचा तो स्प्रिंगच्या कागदावर लिहिलं असेल तरच आणि तेवढाच. काढून तर कधीच टाकू नका. तो नसेल तर शॉकअप आतून लोखंडावर लोखंड आपटून फुटतो.

नवा शॉकअप बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून सोडा, म्हणजे आतली हवा वर निघून जाते. आडवा ठेवलेला तसाच बसवला तर पहिले काही दिवस टकटक करतो. रॉडचा वरचा नट इम्पॅक्ट गनने कसू देऊ नका. रॉड आत गरगर फिरतो आणि सील खराब होतं. रॉड ॲलन कीने धरून हातपान्यानेच कसायचा. स्ट्रट सोडताना ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर क्लिपमधून आधी सोडवा, आणि नकल त्यांच्यावर लोंबू देऊ नका. तारेने बांधून ठेवा. स्प्रिंग दाबायचे दोन्ही हूक समोरासमोर, आलटून पालटून थोडे थोडे फिरवायचे. दबलेल्या स्प्रिंगेच्या तोंडासमोर कुणीही उभं राहायचं नाही.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. लोअर आर्म आणि मागच्या बीमच्या बुशमध्ये रबर आतल्या नळीला आणि बाहेरच्या कड्याला चिकटवलेलं असतं. उंची बदलली की त्या बुशचे बोल्ट सैल करून, गाडी चाकांवर आणून, थोडी पुढेमागे ढकलून, मगच पुन्हा कसायचे. बोल्ट हलवलेच नाहीत, किंवा गाडी जॅकवर लोंबत असताना कसले, तर रबर कायम पिळलेलं राहतं. पाच-सहा महिन्यांत फाटतं, आणि तोवर गाडी उंचही राहते आणि कडकही वाटते. गॅरेजच्या पिटवर (गाडीखाली उतरायच्या खड्ड्यावर) काम होत नसेल तर चारही चाकं रॅम्पवर चढवून करा.

अलाइनमेंट दोनदा. बसवल्याबरोबर एकदा, आणि स्प्रिंगा बसल्यावर, साधारण ५०० किमीनंतर, पुन्हा. १५ मिमीत कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा कल) थोडाच बदलतो, त्याने टायर जात नाही. टायर खातो तो टो (वरून पाहताना चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं). टो कंपनीच्या आकड्यात आणून प्रिंट मागून घ्या, ‘हिरवं झालं’ एवढ्यावर समाधान मानू नका. डावीकडचा आणि उजवीकडचा कॅम्बर अर्ध्या अंशाहून वेगळा असेल तर नकलचे दोन्ही बोल्ट ढिले करून, चाक ढकलून बरोबरीत आणता येतो. मागच्या बीममध्ये काहीच फिरवता येत नाही. तिथला आकडा मर्यादेबाहेर आला तर बहुधा बीम वाकलेला आहे.

हेडलाइट विसरू नका. काम सुरू करण्याआधी पाच मीटरवरच्या भिंतीवर प्रकाशाची वरची कड खडूने आखून ठेवा आणि नंतर जुळवा. पुढे आणि मागे सारखी उतरली नसेल तर प्रकाश एक तर समोरच्याच्या डोळ्यात जातो, नाही तर बोनेटपुढेच पडतो.

फटीसाठी एक सांगतो. जास्त इंचाची रिम लावून फट भरत नाही, कारण बाहेरचा व्यास तोच ठेवावा लागतो: १६५/८० आर१४ चा ६२० मिमी, १८५/६५ आर१५ चा ६२२, १९५/५५ आर१६ चा ६२१. बदलते ती टायरची भिंत: १३२, १२०, १०७. १८५/६५ आर१५ घ्या. वरच्या मॉडेलला कंपनी हाच देते, रुंदी वाढल्याने पकड वाढते आणि भिंत खड्ड्यांपुरती शिल्लक राहते.

चार_रस्ता

कायद्याचंही बघून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. दंड प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये, आणि कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूदही आहे. म्हणून काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवून उत्तर जपून ठेवा. परवानगी मिळत नसेल तर उंची मूळचीच ठेवून कंपनीच्या मापाच्या नव्या स्प्रिंगा आणि मूळ उंचीसाठीचे चांगले शॉकअप, नवे बुश आणि १८५ चे टायर घाला. लेन बदलतानाचा तुमचा अर्ध्याहून जास्त त्रास तिथेच जाईल. कुठल्याही मार्गाने जुन्या स्प्रिंगा फेकू नका. खूण करून ठेवा, पुन्हा मूळ अवस्थेत आणायला लागतील.

गोत्री_सीएनजी

मध्येच विचारतो. माझ्या गाडीत मागे ६० लिटरची सीएनजी टाकी आहे, मागून आधीच बसलेली दिसते. मी पुढूनच खाली घेऊन बरोबरी साधली तर?

बुशबेअरिंग

तसं करू नका. टाकी, गॅस आणि स्टँड मिळून मागच्या एक्सलवर सत्तरेक किलो कायम पडलेले असतात, म्हणजे बूटमध्ये एक माणूस रोज बसलेला. मागचा प्रवास आधीच खर्च झालाय. आधी रिकाम्या गाडीची मागची उंची चाकाच्या मध्यापासून फेंडरपर्यंत मोजा. त्याच मॉडेलच्या बिनसीएनजी गाडीशी तुलना करून २० मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर मागे जास्त भाराच्या स्प्रिंगा घाला आणि मागची उंची परत आणा. गाडी समतल झाल्यावर पुढे किती घ्यायची ते केबल टाय लावून ठरवा. जुन्या, ईबीडी (पुढच्या-मागच्या ब्रेकची ताकद इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वाटणारी सोय) नसलेल्या काही गाड्यांत मागच्या बीमला एक दांडी जोडलेली असते. ती भार पाहून मागच्या ब्रेकचं प्रेशर ठरवते. उंची बदलली की ती दांडीही नव्याने जुळवावी लागते. नाही तर मागून खाली घेतलेली गाडी भरलेली आहे असं समजून ती मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर देते आणि ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी जाम होतात. तुमची गाडी कोणत्या सालची आहे ते कळवा, मग पुढचं सांगता येईल.